पाणी घालू नये

१४ मे

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला मी बरी आहे असं लिहितात, म्हणून लिहिते. प्रत्यक्षात अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

आईच्या डायलिसिसच्या वेळी तुम्हाला बसायला जागा असावी, रुग्णालय शेजारीच, म्हणून मी प्रयोगशाळेच्या काचघराची किल्ली दिली. बसायला, बाबा! आतल्या गरम खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "पाणी घालू नये." आणि परिषदेहून परत येऊन बघते, तर माझी पाइनची कोरडी रोपं न्हाऊनमाखून बसलेली. एकही कुंडी सोडली नाहीत.

ती सुकली नव्हती, मी सुकवत होते. पाणी तुटलं की रोप आधी वाढ थांबवतं आणि साखर साठवून ठेवतं. हवा तापलेली असेल, तर तीच साखर नुसतं जगण्यात जळून जाते. शिल्लक किती काळ पुरते, एवढंच मला मोजायचं होतं. आता काय मोजू, कपाळ? माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यापासून लाव." माझं वर्ष पाण्यात गेलं आणि तुम्ही फोनवर म्हणता, "अगं, बघवेना." मला काय मजा वाटत होती?

असंच ओरडत अख्खा कागद भरणार होते. पण सकाळी वॉचमनकाका भेटले. म्हणाले, "तुमचे बाबा झारी घेऊन एकेका रोपाशी बोलत होते. 'पी बाई, पोटभर पी. तुला कोणी मोजून देत नाही.'"

हे वॉचमनला ऐकू गेलं, मला का नाही? आई दिवसभर पाणी मागते, तुम्ही डॉक्टरांनी ठरवलेल्या पेल्यापुढे थेंब देत नाही. ती तुम्हाला कसाई म्हणते, हेही मला शेजारच्या मावशींकडून कळावं? आणि मी शहाणी, रोज फोनवर बजावते, "बाबा, पाणी जास्त देऊ नका हं." सांगायला माझं काय जातं!

रोपांचा राग गेलेला नाही, इतक्यात जाणारही नाही.

शनिवारी सामान घेऊन घरी येतेय. कामावर तिथूनच जाईन. आईला नाही म्हणायचं काम आता माझं. शिव्या द्यायच्या तर मला देऊ दे. तुम्ही तिच्याजवळ नुसते बसा.

तुमच्यावर अजून चिडलेली,
धाकटी