काचेत उमटलेला

४ नोव्हेंबर
नांदेडहून बोईसरला पोचले. खोली छान आहे, खिडकीतून ताडाची झाडं दिसतात. कंपनी औद्योगिक वसाहतीच्या टोकाला, लहानशी. इथे माहिती साठवायच्या फोटोपॉलिमरच्या प्लेटी बनवतात. दोन काचांमध्ये मधासारखं रसायन भरायचं आणि त्यावर लेसरचे दोन झोत सोडायचे. उजेड पडेल तिथे ते घट्ट होतं, ठसा कायमचा राहतो. नखाएवढ्या जागेत अख्खं ग्रंथालय मावेल, असं मालक ललितसर म्हणाले. मी तर खूशच झाले.

६ नोव्हेंबर
रेकॉर्डिंगची खोली काळोखी, एकच अंधूक लाल दिवा. कुणी चुकून दार उघडलं तर प्लेट वाया जाते, म्हणून बाहेरून कडी लावतात. कडीपाशी शिरगावचा विनोद बसतो. झोत चालू असताना श्वासही जपून घ्यायचा. जे हलतं ते प्लेटीत उमटतच नाही. जेवायला विनोदला हाक मारली, तर तो डबा घेऊन पाठ फिरवून बसला. इथे कुणीच माझ्याशी धड बोलत नाही.

११ नोव्हेंबर
आजच्या प्लेटीत माहितीच्या ठिपक्यांमागे खोलीही उमटली. मान कलती केली की यंत्राच्या आडचंही दिसत होतं. दाराशी एक माणूस उकिडवा बसलेला, दोन्ही तळवे दाराला टेकलेले. शर्टाची बटणंसुद्धा स्पष्ट. आत मी एकटीच होते. सरांना दाखवली. त्यांनी प्लेट फरशीवर आपटून फोडली आणि कामाकडे लक्ष दे म्हणाले.

१३ नोव्हेंबर
पुन्हा तोच. आता दाराला पाठ लावून. माझ्याकडे बघतोय.

१४ नोव्हेंबर
विनोदला गाठलंच. तो प्रदीप, म्हणाला. माझ्या आधी या कामावर होता. आत रसायनाची वाफ कोंडली, मरेपर्यंत तो दार ठोठावत होता. ऐकू आलं नाही का, मी विचारलं.
"आयकलं ना," विनोद म्हणाला. "पन पलेट चालू व्हती. सर नको बोलले."
मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू आलीस, आता मला आत जावं लागत नाय."

१७ नोव्हेंबर
नोकरी सोडते म्हणून सांगितलं. उद्या पाहुणे येणार आहेत, एवढी एक प्लेट कर आणि जा, असं सर म्हणाले. कडी लावणार नाही, असं विनोदने कबूल केलं.

१८ नोव्हेंबर, दुपार
कडी लागली. आवाज ऐकला मी.

वही पिशवीत होती. लाल दिव्यात लिहितेय. वास येतोय. घसा जळतोय —

दार ठोठावलं. बाहेर सरांचा आवाज, पाहुण्यांना सांगत होते, प्लेट चालू आहे, जरा थांबा. कुणीतरी हसलं.

पुन्हा ठोठावलं. विनोदला नावाने हाक मारली. तो आहे तिथे, खुर्ची सरकली —

हात दुखले म्हणून थांबले.

ठोठावणं थांबलेलं नाही. आतून. माझ्या बाजूलाच.

आता थांबलं. दाराशी उकिडवा बसलेला तो वळला —