वास नसलेला पुदिना

ती. ताईस,

तुझ्या भडकूचा नमस्कार. मी खुशाल आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. आईला एवढंच वाचून दाखव, पुढचं तुझ्यापुरतं.

इथे रोपवाटिकेत मी पुदिन्याच्या मुळांना बुरशी लावतो. हसू नकोस, ही गुणाची बुरशी. मातीतून मुळांना अन्न आणून देते, रोप जोम धरतं, पानांना वास चढतो. फक्त मुळांत रुजायला तिला महिना लागतो. मला कुठला धीर! मी चोरून दुप्पट खत घातलं. पुदिना हां हां म्हणता वाढला. माळीकाकांनी पान चुरगळून नाकाशी नेलं.

"पाला झकास! वास कुठाय? अरे बाबा, आयतं मिळाल्यावर रोप त्या बुरशीला दारात तरी उभं करेल का?"

मी उलट बोललो, कॉलेजात बोललो होतो तसाच. पण यांनी हाकललं नाही. नवी रोपं दिली आणि म्हणाले, "महिनाभर नुसतं पाणी."

खोलीवर बोलायला कुणी नाही. कपडे वाळत घालतानाही मी स्वतःशीच भांडतो. आईचा गुडघा कसा आहे?

जिच्यात माझा जीव अडकलाय, त्या तुझ्या मैत्रिणीला मी आठवड्याला तीन-तीन पत्रं धाडली, उत्तर एकाचंही नाही. पंधरा दिवस हात आवरलाय. सोबतचं पाकीट तिचं आहे. तिने आपणहून माझी चौकशी केली, तरच दे. नाही केली, तर तुझ्याकडेच ठेव. मला मात्र कळवू नकोस.

तुझाच,
भडकू