जयवंताबाईंचं कपाट

४ ऑक्टोबर १९५६, भीमपूर
आज एकदाची सासरच्या घरी आले. लग्नाला वर्ष झालं, पण संसार आदिलाबादच्या भाड्याच्या खोलीत. माझे यजमान तहसील कचेरीत पेशकार. राज्यांची नवी वाटणी होतेय, कोणतं गाव कुठं जाणार त्याची दफ्तरं लावण्यात ते बुडालेत. म्हणून पाचव्या महिन्यात मला इथे सासूबाईंकडे धाडलं. सासूबाई, कौशल्याबाई, भल्या निघाल्या, आल्या आल्या गरम भाकरी वाढली. बाळ आज दोनदा हललं. त्यालाही घर पसंत दिसतंय.

६ ऑक्टोबर
माझ्या वाट्याला सागवानी कपाट आलंय. यांच्या पहिल्या बायकोला, जयवंताबाईंना, वडिलांनी लग्नात दिलेलं. त्या पहिल्याच बाळंतपणात गेल्या, बाळही गेलं. त्यांचा जीव शांत राहावा म्हणून त्यांच्या नावाचा चांदीचा टाक रीतीप्रमाणे लग्नापासून माझ्या गळ्यात आहे. नवं लुगडं आधी टाकाला, म्हणजे सवतीला, दाखवायचं, मग आपण नेसायचं. माझी तक्रार नाही. मेलेली सवत निदान भांडत तरी नाही.

कपाटावर बोटभर काजळी होती. कोरड्या फडक्याने पुसून जवसाचं तेल चोळलं. टाक तेलाने माखेल म्हणून गळ्यातून काढला आणि कपाटातल्या खुंटीला अडकवला. लाकूड इतकं तेल प्यालं की वाटी पुरली नाही.

९ ऑक्टोबर
टाक निघत नाही. दोरा खुंटीत रुतून बसलाय. सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, काऊन काढला वं गळ्यातून? सवतीले कोनी तिच्याच घरात नेऊन ठेवते का? आता ते आपलं मागन. काय मागेल ते सांगेनात.

१२ ऑक्टोबर
बोटं बधिर झालीत. चिमटा काढला तरी कळत नाही. बाळ परवापासून हललेलं नाही. रडायला हवं हे समजतं, रडू येत नाही. यांना चिठ्ठी धाडली.

१५ ऑक्टोबर
उत्तर आलं. दफ्तर संपलं की येतो म्हणतात. सुईण भागाबाई येऊन गेली. पोटावर हात ठेवून बराच वेळ बसली. मला तिचा हात लागतच नव्हता. जाताना सासूबाईंशी ओसरीवर काही बोलली. सासूबाई आत आल्या, माझ्याकडे बघितलंच नाही. कपाटाला नमस्कार केला.

१७ ऑक्टोबर
पोट तेवढंच आहे. पण हलकं. काही वाटत नाही. दिवसभर तेल लावत बसते, हात आपोआप —

१८ ऑक्टोबर
दुपारी फळीवर तळवा टेकला. इतक्या दिवसांनी हाताला काहीतरी कळलं. आतून. एकदा. थोडं थांबून पुन्हा — बाळ हलायचं अगदी तसंच —

कान लावला. आत कुणी बाई हळू आवाजात अंगाई म्हणतेय.

सासूबाई कपाटाच्या दाराला पाठ लावून बसल्यात. म्हणतात, झोपलं असन, उठवू नको. मी म्हटलं, माझं आहे, एकदाच हात लावू द्या, एकदाच मला —