‘खेळत असताना’ हे शब्द अहवालातून वगळण्याबाबत

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
मुठाकाठ पोलीस ठाणे,
पुणे शहर.

अर्जदार : तन्वीर दादामियाँ बागवान, वय ५९, धंदा मोटर वाइंडिंग, दुकान शनिवार पेठ, पुणे.

विषय : कै. संभाजी विठोबा बेनकर (वय ६३, रा. धायरी) यांच्या अपघाती मृत्यूच्या अहवालातील ‘रिमोटच्या गाडीशी खेळत असताना’ हे शब्द वगळणे व अर्जदाराचा पुरवणी जबाब नोंदवून घेणे.

संदर्भ : १) अकस्मात मृत्यू नोंद क्र. ४१/२०२४, दि. १७ नोव्हेंबर २०२४.
२) अर्जदाराने दि. २० जानेवारी २०२५ रोजी केलेली तोंडी विनंती, जी आवक खिडकीवरूनच परत आली.

महोदय,

१. दि. १७ नोव्हेंबर २०२४ रोजी, रविवारी, सायंकाळी साडेपाचच्या सुमारास कै. बेनकर दुचाकीवरून धायरीहून शहरात येत होते. पुलाच्या उतारावर त्यांची गाडी दुभाजकाला धडकली आणि रिक्षातून रुग्णालयात नेईपर्यंत त्यांचे प्राण गेले. दुसऱ्या कोणत्याही वाहनाचा संबंध आढळला नाही. याबाबत अर्जदाराची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती अहवालातल्या पुढच्या ओळीबद्दल. ती अशी : ‘मयत इसम दुचाकी चालवीत असता रिमोटच्या गाडीशी खेळत असताना तोल जाऊन अपघात झाला.’

२. यापुढे मयताचा उल्लेख नुसता ‘संभाजी’ असा व एकेरी केला आहे, त्याबद्दल क्षमा असावी. सव्वीस वर्षांत अर्जदाराने त्याला दुसरी हाक मारलेली नाही.

३. संभाजी एका ओतकाम कारखान्यात पॅटर्नमेकर होता. लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती करावी लागते, ती तो करी. अर्जदाराचे दुकान वडिलांपासूनचे, पंखे आणि पंपाच्या जळक्या मोटारी भरण्याचे. सन १९९८ मध्ये एका रविवारी जुन्या बाजारात संभाजीने एक जपानी मॉडेल गाडी घेतली. रिमोटवर चालणारी, वीतभर रुंद, मोठ्या रबरी चाकांची. तिला रिमोट नव्हता. तिथून चार गोणपाटे पलीकडे अर्जदाराने त्याच सुमारास एक रिमोट घेतला होता. त्याला गाडी नव्हती. चहाच्या टपरीवर दोघांनी एकमेकांच्या हातातली वस्तू पाहिली. ‘विकता का?’ असे दोघांनी एकाच वेळी विचारले आणि दोघांनीही नाही म्हटले. चहा गार झाला. अखेरीस संभाजी म्हणाला, ‘मग आता दर रविवारी भेटावं लागणार.’ तसे झाले.

४. त्या दिवशी ठरले ते पुढे कायम राहिले. गाडी धायरीला, रिमोट आणि बॅटरी शनिवार पेठेत. एकट्याला चालवता येऊ नये, हाच त्यातला हेतू. पुढे आणखी अठरा गाड्या जमल्या. सगळ्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या, ज्यांचे सुटे भाग आता जगात कुठे मिळत नाहीत. मिळत नाही ते संभाजी बनवी. लाकडाचा साचा कोरायचा, पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा तापवून त्यावर बसवायचा आणि व्हॅक्यूम क्लीनरने खालून हवा ओढून घ्यायची, की गाडीची बॉडी तयार. (या कामात संभाजीच्या पत्नी श्रीमती कांताबाई बेनकर यांचे दोन व्हॅक्यूम क्लीनर कामी आले. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त तिसरा घेतला नाही.) अशा बॉडीला रंग आतून द्यावा लागतो, म्हणून नावे, आकडे सगळे उलटे लिहावे लागते. संभाजी उलटे ‘पुणे’ इतके सुरेख लिही की सुलटे लिहिताना त्याचा हात अडखळे. मोटारी अर्जदार भरी, केसाएवढ्या तांब्याच्या तारेने, भिंगातून बघत. रविवारी नदीपात्रातल्या मोकळ्या जागेत गाड्या पळत आणि दोन म्हातारे त्यांच्यामागे. आवक खिडकीवर या सगळ्याला ‘पोरखेळ’ म्हणण्यात आले. शब्द चुकीचा नाही, पण तो पोरांना जमणारा नव्हता.

५. पहिली गाडी मात्र सव्वीस वर्षे उभीच होती. तिचा मागचा गिअरबॉक्स मुळातच नव्हता. तो बनवण्याचे सात प्रयत्न फसले, कारण नमुन्याला खरा भाग कोणाकडेच नव्हता. गेल्या ऑक्टोबरात कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी आपल्याकडची मोडकी गाडी उघडून तिच्या दातेरी चाकांची मापे आणि फोटो पाठवले. संभाजीने पंधरा दिवसांत नायलॉनच्या दांड्यातून चाके कापली. शनिवारी, दि. १६ रोजी, त्याचा फोन आला. तो एवढेच म्हणाला, ‘फिरतंय.’

६. दुसऱ्या दिवशी पाच वाजता नदीपात्रात भेटायचे ठरले. अर्जदार पावणेपाचलाच रिमोट आणि भरलेली बॅटरी घेऊन पोचला. आपण कृपया याची नोंद घ्यावी. रिमोट अर्जदाराच्या हातात होता. बॅटरी अर्जदाराच्या पिशवीत होती. आपल्याच पंचनाम्यातील वस्तूंच्या यादीत ‘खेळण्यातील मोटार, प्लास्टिक, मोडकी, नग १’ असा उल्लेख आहे. त्या यादीत रिमोट नाही आणि गाडीत बॅटरीही नाही. सदर गाडी त्या दिवसापर्यंत कोणीही चालवलेली नव्हती. जी गाडी चालूच शकत नव्हती, तिच्याशी संभाजी पुलाच्या उतारावर कसा खेळत होता, हे अर्जदारास समजलेले नाही.

७. समोरच्या शहाळेवाल्याने जबाब दिला आहे की, ‘त्यांच्या हातात काहीतरी काळं होतं आणि ते तिकडेच बघत होते.’ तो खोटे बोललेला नाही. रस्त्यावर गाडी पडलेली, तिची एरियलची तार बाहेर आलेली, आणि हातात काहीतरी काळे. लिहिणाऱ्याने दोन आणि दोन जोडले. ते काळे काय होते, हे अर्जदारास पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पहिल्या जबाबाच्या वेळी ते कोणी विचारले नाही आणि अर्जदाराने सांगितले नाही.

८. दरम्यान जे घडले ते असे. दि. २१ नोव्हेंबर रोजी एका सायंदैनिकात बातमी आली. मथळा होता : ‘हौशी आजोबांच्या जिवावर बेतला रिमोटचा खेळ.’ संभाजीची मुलगी स्वराली खराडीला एका कंपनीत आहे. बातमीतले आजोबा तिचे वडील आहेत हे माहीत नसलेल्या कोणीतरी ती बातमी तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकली आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ती रांग तिने शेवटपर्यंत पाहिली. तेराव्याच्या जेवणाला पंगतीत कोणीतरी हळू आवाजात ‘सेल गेले म्हणायचे’ म्हणाले, तेही तिने ऐकले. दुसऱ्या दिवशी तिने घरातल्या अठराही गाड्या तीन पोत्यांत भरल्या आणि भंगाराच्या टेम्पोत दिल्या.

अर्जदारास हे चार दिवसांनी कळले. त्याने धायरी ते कात्रज सगळी भंगाराची दुकाने पालथी घातली. एका ठिकाणी पोती सापडली, रिकामी. प्लास्टिक दळायला गेले होते. दुकानदार भला माणूस, त्याने सोबत ढिगारा उपसला आणि एक रबरी चाक हातात दिले. अर्जदाराच्या दुकानात आजही अठरा रिमोट एका फळीवर ओळीने ठेवलेले आहेत. गिऱ्हाईक विचारते, हे कशाचे. अर्जदार सांगतो, बंद पडलेत.

स्वरालीला दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. तिला वाटले की वडिलांना या गाड्यांनी मारले आणि वर हसे केले. हे तिला अहवालाने सांगितले. आणि अहवाल चुकीचा आहे हे ज्याला माहीत होते, तो माणूस गप्प होता.

९. दि. २० जानेवारी रोजी अर्जदार धीर करून आपल्या ठाण्यात आला. खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी विचारले, ‘मयताचे तुम्ही कोण?’ अर्जदार म्हणाला, मित्र. ते म्हणाले, ‘काका, मित्र हे नातं चालत नाही. वारस आणा.’ ते सौजन्याने बोलले. पण खरे सांगायचे तर अर्जदार मनातून सुटल्यासारखा झाला आणि लगबगीने घरी गेला. वारसाकडे जायचे, तर आधी वारसाला सांगावे लागणार होते.

१०. त्यानंतर दीड महिना गेला. दि. २ मार्च रोजी अर्जदार धायरीला गेला आणि त्याने कांतावहिनींना पुढील हकीकत सांगितली. तीच या अर्जाद्वारे आपणासही सांगत आहे.

त्या रविवारी पाच वाजले, सव्वापाच झाले, संभाजी आला नाही. ऊन उतरू लागले. सव्वीस वर्षे थांबलेल्या माणसाला वीस मिनिटे थांबवेना. पाच वाजून एकवीस मिनिटांनी अर्जदाराने त्याला फोन लावला. कारखान्याच्या आवाजाने संभाजीचे कान अधू झालेले, त्यामुळे तो फोन कानाला न लावता स्पीकर सुरू करून आरशासारखा तोंडासमोर धरीत असे. अर्जदार म्हणाला, ‘कुठे राहिलास? ऊन चाललंय.’ तो म्हणाला, ‘आलोच रे, पुलावर आहे.’ मग एक आवाज आला आणि फोन बंद झाला. हे संभाषण अकरा सेकंदांचे आहे. अर्जदाराला वाटले, रेंज गेली. तो रिमोटची एरियल वर काढून सात वाजेपर्यंत पात्रात उभा होता.

फोन लावला तेव्हा संभाजी दुचाकी चालवीत असणार हे अर्जदारास माहीत होते. अर्जदाराचा फोन तो कधीही वाजत ठेवीत नाही, लगेच उचलतो, हेही माहीत होते.

११. एवढे ऐकून वहिनी उठल्या. आतून कपाटातला संभाजीचा फोन घेऊन आल्या. रिक्षात घालताना कोणा भल्या माणसाने तो रस्त्यावरून उचलून संभाजीच्या खिशात ठेवला होता आणि रुग्णालयाने कपड्यांसोबत तो घरी दिला होता, म्हणूनच पंचनाम्यात तो नाही. काच तडकलेली, पण फोन सुरू होता. वहिनी दर सोमवारी तो चार्ज करतात. पडद्यावर शेवटचा कॉल दिसत होता, नाव आणि वेळेसह. त्या म्हणाल्या, ‘मला ठाव हाय, भाऊजी. पहिल्या दिवसापासनं ठाव हाय.’

अर्जदाराने विचारले, मग तुम्ही बोलला का नाहीत. लोक त्याला हसले, पोरीने गाड्या मोडीत घातल्या, तरी का नाही बोललात.

त्या म्हणाल्या, ‘तुमी जगला नसता. आन् ह्यांना लोक हसले तर हसले, ते काय ऐकायला हायेत का? तुमी हाय.’

महोदय, अर्जदाराने आयुष्यात पुष्कळ उपकार घेतले आहेत. हा त्याला पेलवलेला नाही.

१२. स्वराली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सर्व ऐकले होते. नोव्हेंबरपासून ती अर्जदाराशी बोलली नव्हती. तिने एकच विचारले, ‘काका, ‘आलोच’ म्हणताना बाबांचा आवाज कसा होता?’ अर्जदाराने आठवून सांगितले की हसरा होता, घाईत होता, शाळा सुटल्यासारखा होता. ती खाली बसली आणि बराच वेळ रडली. आईने तिला उठवले नाही. नंतर तिने लॅपटॉप आणला. सदर अर्ज तिनेच टंकलिखित केलेला आहे. कलम ८ मधील मजकूर अर्जदाराने गाळायला सांगितला असता तिने नकार दिला व तो स्वतःच भर घालून पूर्ण केला.

१३. सबब विनंती की,
(अ) ‘रिमोटच्या गाडीशी खेळत असताना’ हे शब्द अहवालातून काढावेत.
(ब) त्या जागी खरे कारण लिहावे. संभाजीने फोन उचलला, ही त्याची चूक असेल तर तीही लिहावी, तो खोटेपणाचा माणूस नव्हता. परंतु फोन कोणाचा होता तेही लिहावे. त्यासाठी अर्जदार सांगाल त्या दिवशी जबाबास हजर राहील.
(क) पडताळणीसाठी सोबत जोडलेला मूळ रिमोट आपण मुद्देमालात जमा करून घेतला तरी हरकत नाही. तो परत मागितला जाणार नाही.
(ड) आपल्या ताब्यातील गाडी श्रीमती कांताबाई बेनकर यांना द्यावी. तिच्यावर अर्जदाराचा कोणताही हक्क नाही. ती एकदाही पळालेली नाही, म्हणून ‘मोडकी’ हा शब्दही जमल्यास तपासून पाहावा.

आपला नम्र आणि साडेतीन महिने उशिरा बोललेला,

(सही)
तन्वीर दादामियाँ बागवान
पुणे, दि. १० मार्च २०२५

सोबत :
१. मूळ रिमोट, नग १, व बॅटरी, नग १.
२. अर्जदाराच्या फोनमधील दि. १७ नोव्हेंबरच्या कॉलची छायाप्रत.
३. संभाजी बेनकर यांच्या फोनमधील त्याच कॉलची छायाप्रत.
४. कोल्हापूरहून आलेले मापांचे पत्र व फोटो.
५. मयताच्या पत्नीचे संमतीपत्र, खालीलप्रमाणे :

मी, कांताबाई संभाजी बेनकर, रा. धायरी, लिहून देते की वरचा अर्ज मुलीने मला दोनदा वाचून दाखवला. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे. माझी संमती आहे. फक्त फोनमुळं ते गेले असं भाऊजींनी जे सुचवलं आहे, ते मला मान्य नाही. साहेबांनी ते तसं लिहू नये.

(सही)
कांताबाई संभाजी बेनकर