लूज म्हणजे हरवणे

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. आम्ही बरे आहोत. इथे थंडी अजून हटत नाही.

माझा इंग्रजीचा वर्ग मी पुन्हा सुरू केला. आमच्या बाई म्हणतात, सुटा शब्द पाठ करू नका, जोडीने करा. आपण निर्णय घेतो, इथले लोक तो भाजीसारखा 'मेक' करतात, बनवतात. आपण फोटो काढतो, हे तो घेतात. मागे, मी वर्ग सोडण्याआधी, शेजारच्या बाकावरची शिंपीण म्हणाली, "यांच्याकडे शब्दांची लग्नंसुद्धा पत्रिका न बघता लावलीत." फार हसलो होतो. 'लूज'च्या जोड्याही तेव्हाच शिकलो. किल्ली, वाट, नोकरी. लूज म्हणजे हरवणे.

ताई, बाळंतपणाचं तू दोन पत्रांत विचारलंस. मी टाळत होते.

त्या दिवशी हे कामावर होते. अचानक रक्त जायला लागलं. दवाखान्यात नेल्या नेल्या भूल दिली. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई माझा हात धरून म्हणाल्या, "वुई लॉस्ट द बेबी."

मला प्रत्येक शब्द समजला. मी आपल्या भाषेतच म्हणाले, "तुमच्या हातून हरवलं, तर शोधा ना. इथे कशाला बसलात?"

त्या गेल्यावर सलाईनची दांडी ढकलत मीच निघाले. टाके ओढत होते. खोल्याखोल्यांतून डोकावले, दुसऱ्या बायकांच्या पाळण्यांत पाहिलं. एकीने आपलं बाळ छातीशी घट्ट धरलं. वाटलं, हिनेच नेलं.

नर्सने मला परत आणलं, कुणाला तरी फोन करून सगळं सांगितलं आणि तो माझ्या कानाला लावला. पलीकडे आपली भाषा बोलणारी बाई होती. तिने आधी माझं नाव विचारलं. मग म्हणाली, "बाई, शोधू नका. बाळ गेलं."

नंतर त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं. मुलगी होती. कुणावर गेली होती म्हणशील, तर तुझ्यावर. तुझंच रुंद कपाळ, तसंच दाट जावळ.

हे म्हणतात, एवढ्यात घरी कळवू नकोस, आई खचेल. पण ती दुपटी शिवत बसलीये असं तू लिहिलंस आणि मला राहवलं नाही. तिला तूच सांग. उभ्या उभ्या नको, शेजारी बसून सांग. आधी तिच्या हातातली सुई काढून घे.

तुझीच,
धाकटी