कुंताला जंगलात कोणी पाठवलं

मी, पार्बता, पत्रू मांदाळे यांची विधवा, जात ढिवर, धंदा रानातल्या रेशमी कोशाचं सूत काढणं, राहणार मौजा कहूटोला, तालुका सावली, जिल्हा चंद्रपूर, वय मतदार यादीत चौसष्ट आणि खरं पाहता दोन-चार जास्त, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, डोकं मात्र जागेवर आहे. कोणी धमकावून किंवा गोड बोलून हे माझ्याकडून लिहून घेतलेलं नाही. उलट लिहिणारे सुरेंद्र रामटेके, अर्जनवीस, सावली, हेच दोनदा म्हणाले की बाई, एवढं सगळं मृत्युपत्रात लिहीत नसतात. मी म्हटलं, "मरण माह्यं हाय ना भाऊ? मंग मी सांगतो तसं लिहा."

कलम १. घरकुलातून माझ्या नावावर मिळालेलं दोन खोल्यांचं घर, परसातल्या विहिरीच्या हक्कासह, माझी सून कुंता हेमराज मांदाळे, हल्ली मुक्काम मोहर्ली, हिला देते. मुलगा हेमराज जिवंत असताना सुनेला का, असं कोणीही विचारेल. म्हणून पुढचं कलम.

कलम २. कोशाच्या अळ्या ऐनाच्या झाडांवर चढवल्या की आमच्यातले पुरुष दीड-दोन महिने जंगलातच राहतात. एक वेळ जेवण, तेही आपल्या हातचं. तेल नाही, साबण नाही, बायकोचं तोंड पाहणं नाही. बाईने त्या झाडांखाली पाय ठेवला की अळ्या बाटतात आणि मरतात, असं आम्ही मानत आलो. मीही मानत होते. बाईने सूत काढायचं ते घरी बसून, उघड्या मांडीवर वळून. माझ्या उजव्या मांडीची कातडी चाळीस वर्षांत चपलेच्या तळासारखी झाली आहे. बाईची मांडी चालते आणि पाऊल चालत नाही, हे मला तेव्हा कधी खटकलं नाही.

सन १९९७ साली पावसाने भादव्यातच पाठ फिरवली आणि आश्विनात वैशाखासारखं ऊन पडलं. तशात जंगलातून निरोप आला की पत्रूला ताप भरला आहे, उठता येत नाही. माझा गुडघा सुजला होता. मी कुंताला गोळ्या आणि पाण्याचा गुंड घेऊन जायला सांगितलं.

ती म्हणाली, "आत्याबाई, मी नाई जात. बाईनं जाऊ नाई म्हणते ना तिथी?"

मी म्हटलं, "नवरा माहा मरून राह्यला अन् तू मले रीत शिकवून राह्यली? जा म्हणतो ना!"

ती गेली. सासऱ्याला पाणी पाजलं, गोळी दिली, परत आली. सहाव्या दिवशी अळ्या डोकं खाली करून फांद्यांना लटकल्या आणि त्यांच्यातून काळं पाणी गळू लागलं. आमच्याच नाही, साऱ्या गावाच्या.

बापूराव मारबते यांच्या अंगणात पंच बसले. बापूराव आमच्या जातीत वडीलधारे, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मला विचारलं, "पार्बताबाई, सुनेले तू धाडलं का?"

मी म्हटलं, "नाई. माह्या नकळत गेली."

कुंताने माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहत होते. पंचांनी तिला गावाबाहेर काढलं आणि तिची मुलगी रोशनी, तेव्हा तीन वर्षांची, आमच्याकडे ठेवली. पोर आईच्या लुगड्याला धरून होती, तिची बोटं मी सोडवली.

तर मी आज लिहून देते की कुंताला मीच पाठवलं होतं. पंचांपुढे मी खोटं बोलले, कारण मला भीती होती की सुनेच्या जागी मला काढतील. एवढंच कारण होतं, दुसरं शोधू नये. पत्रूलाही सगळं ठाऊक होतं. दोन वर्षांनी मरताना तो म्हणाला, "त्या पोरीनं पाणी पाजलं म्हून वाचलो होतो." हे त्यानेही अंगणात सांगितलं नाही, माझ्याच कानात सांगितलं.

कलम ३. पुढच्या वर्षी एकही बाई जंगलाकडे फिरकली नाही, तरी अळ्या मेल्या. त्यानंतर एकदा पाऊस महिनाभर उशिरा आला, एकदा कोसा बांधायच्या ऐन वेळी गारा पडल्या. रेशीम खात्याचे एक साहेब सांगून गेले की हवा बदलली आहे, अळीला एवढं ऊन सोसत नाही. बापूराव म्हणाले, कोणीतरी बाई चोरून जात असेल.

मग सन २००१ साली मी खरोखरच चोरून गेले. आमच्या धानाच्या बांधीवर ऐनाची सात झाडं आहेत. तिथे हेमराज राखण करतो असं गावाला सांगितलं, पण तो आंध्रात मिरची तोडायला गेला होता. मी रोज दुपारी बोडीतून, म्हणजे शेजारच्या लहान तळ्यातून, पाणी वाहिलं, पानांवर शिंपडलं, ओली पोती फांद्यांवर टाकली. त्या वर्षी गावात कोसा आला तो त्याच सात झाडांवर. बापूरावांनी माझ्याकडून बियाचे, म्हणजे पुढच्या पिकासाठी राखलेले, कोसे मागून नेले, देवापुढे ठेवले आणि साऱ्या गावाला वाटले. तेव्हापासून या गावात ज्या अळ्या वाढल्या, त्या सगळ्या एका बाईच्या हातच्या बियाच्या आहेत. हे मी चार वर्षं मनात ठेवून हसले. आता हसू येत नाही.

कलम ४. त्या सात झाडांसह बांधीतला माझा अर्धा हिस्सा कुंता आणि रोशनी यांना सारखा. झाडांखाली कोण जाईल आणि कोण नाही, ते त्या ठरवतील. बी म्हणून देण्यासारखं मात्र माझ्याजवळ काही नाही. यंदा उष्णता इतकी झाली की बियाच्या कोशांतून पाखरं, म्हणजे पतंग, चैत्रातच बाहेर पडली. झाडावर पान नव्हतं. अंडी फुटली आणि अळ्या उपाशी मेल्या. अळ्यांचं सूप हातात घेऊन मी पाहत बसले.

कलम ५. बचत गटातून घेतलेलं, पायाने चालवायचं सुताचं यंत्र रोशनीला. तिने मांडीवर सूत काढू नये, कोणी कितीही म्हटलं तरी. सूत वळताना मांडीला लावायची राख आणि मडकं माझ्यामागे फेकून द्यावं.

कलम ६. हेमराजला सायकल आणि बापाची गुलेल. बायकोला काढताना त्याने तोंड उघडलं नाही, आता घर तिचं झालं म्हणूनही उघडू नये.

कलम ७. गटातल्या बायका म्हणतात, तुला नेताना अंगावर कोशाचं कापड घालू. घालू नये. जिवंतपणी जे अंगाला लागलं नाही, त्याची मेल्यावर मला हौस नाही. कापड विकून टाकावं.

कलम ८. मागच्या उन्हाळ्यात हे सगळं तोंडाने सांगायला मी मोहर्लीला गेले होते. कुंता तिथे वाघ पाहायला येणाऱ्या लोकांच्या हॉटेलात भांडी घासते. ती ओल्या हातांनी फाटकाशी आली.

"काऊन आल्या आत्याबाई? रोशनी बरी हाय ना?"

मी म्हटलं, "बरी हाय." तिने मला सावलीत बसवलं, भात वाढला, मी तो जेवले आणि दुपारच्या बसने परत आले. जे सांगायला गेले ते तोंडातून निघालं नाही. तिने मला माफ करावं अशी या मृत्युपत्रात अट नाही. तिने माझ्या मातीला यावं अशीही नाही. माझी इच्छा एकच, तिच्या नावावरचा डाग निघावा आणि तिने आपल्या घरात, आपल्या मुलीजवळ राहावं. मेल्यावर हे वाचलं तर लोक म्हणतील म्हातारी भ्रमली होती. म्हणून बापूरावांनाच साक्षीदार म्हणून बोलावलं आहे, आणि त्यांच्यासमोर आजच वाचायला सांगितलं आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे.

पार्बता पत्रू मांदाळे, डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार पहिले: दादाजी शेंडे, निवृत्त पोस्टमन, कहूटोला. सही.

साक्षीदार दुसरे: बापूराव मारबते. सही नाही.

लिहिणाऱ्याची नोंद, बाईंच्या सांगण्यावरून: कलम ३ वाचताना बापूराव "हे मी आयकून घेत नाई" असं म्हणून उठून गेले. त्यांच्यासोबत आलेल्या त्यांच्या पत्नी रुखमाबाई बसून राहिल्या. वाचन संपल्यावर त्यांनी विचारलं, "माहा अंगठा चालते का भाऊ?" चालतो, असं सांगितलं. अंगठ्याला शाई लावत असताना त्या म्हणाल्या, "कुंताले काढलं त्या साली मी बी गेली होती जंगलात, सरपणाले. तीनदा गेली. मले कोणी इचारलंच नाई." हेही लिहा, असं दोघी बायांनी सांगितलं, म्हणून लिहिलं.

साक्षीदार दुसऱ्या: रुखमा बापूराव मारबते, डाव्या हाताचा अंगठा.

मौजा कहूटोला, तालुका सावली.
दिनांक १४ मे २००५.