चाकाला दिलेलं तेल

९ नोव्हें., रवि.
बैलगाडीच्या आखाची कुरकुर. आज आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांतून तसाच आवाज आला आणि मी पार साठ वर्षं मागे गेलो. वेशीत शिरण्याआधी बाबा बैलगाडी थांबवायचे, आखाला वंगण द्यायचे. किरकिरती गाडी दारात नेणं त्यांना कमीपणाचं वाटे. वंगण दिलं की मग नुसते घुंगरू.
ही गाडी सात सीटची, सोळा वर्षांची. माझी नजर अधू झाल्यापासून गावातला किसन चालवतो. एरवी तो गोरेगाव-सेनगाव जीपवर असतो.

११ नोव्हें.
गफूर मिस्त्रीकडे. त्यानं चाक काढलं, आत बोट फिरवलं. "तात्या, ब्रेकचे पॅड खलास. लोखंडाला लोखंड घासून राहिलं. डिस्कवर खाचा बघा. दोन्ही बदला, आजच."
परवा साखऱ्याला भाचीच्या लेकराचं बारसं. म्हटलं, आल्यावर बघू.
"आल्यावर काहून? जायच्या आधी बदलतेत, तात्या."
किसन म्हणाला, "तात्याला गाडीत कविता म्हणायच्या असतेत. ब्रेक कशाला लागतेत!" सगळे हसले. मीही.

१३ नोव्हें., सकाळी
किसन यायच्या आत एक काम उरकलं. हिच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी, लांब नळीची. हिच्यामागे तशीच पडून होती. चाकाच्या भोकांतून नळी आत घातली. पुढची दोन्ही चाकं. डिस्कवर सढळ हातानं. बाबा आठवले.
किसननं आत्ता गाडी अंगणातून काढली. "आज गपगार हाय की, तात्या!" मनातून मौज वाटली. निघतो.

१४ नोव्हें.
काल लिहवलं नाही.
साखऱ्याच्या अलीकडचा उतार. मेंढरं आडवी. मी पाचवीतली पावसाची कविता म्हणत होतो, तिसरं कडवं. किसन ओरडला, "धरीना! तात्या, ब्रेक धरीना!" त्यानं गाडी कडेच्या शेतात घातली. मेंढरं वाचली. मेंढरांचा मालक मारुती कडेलाच उभा होता. त्याचा पाय
मला खरचटलंसुद्धा नाही. हिंगोलीच्या दवाखान्यात त्याला नेताना चौथं कडवं आपोआप ओठांवर आलं. स्वतःचीच किळस आली.

१७ नोव्हें.
गफूरनं चाक उघडलं. वास घेतला. "ह्याला तेल कुणी लावलं? ब्रेकला तेल? अरे, घासला तरच थांबतो ना तो!"
बघे जमले होते. सगळ्यांनी किसनकडे पाहिलं. किसननं वाकून चाकाकडे बघितलं. मग म्हणाला, "आदल्या दिवशी चाकं पुसली म्या. फडकं तेलकट असंल."
मी तिथंच होतो. टोपी सारखी करत. शाळेत वीस-वीस कडवी न अडखळता म्हणणारा मी. चार शब्द निघाले नाहीत.

१९ नोव्हें.
जीपच्या मालकानं किसनला कामावरून काढलं. सवाऱ्या म्हणतात, ह्याच्या गाडीत बसायचं न्हाई.
कुपी मशीनच्या खणात, रिळांखाली ठेवली. ठेवली नाही, लपवली. ही असती तर म्हणाली असती, "काहून लपवून राहिले?"

२२ नोव्हें.
सांगायचंच, असं ठरवून हिंगोलीला गेलो. केळी नेली. मारुतीचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.
"तात्या, तोंड कसं झालंय तुमचं! पाय माझा मोडला का तुमचा?"
म्हटलं, "मारुती, ते तेल..."
"व्हय, ऐकलं. किसनावर राग धरू नका. मेंढरं वाचावी म्हणून गाडी वावरात घातली त्यानं. दुसरा असता तर घातली असती मेंढरांवर."
मी केळं सोललं. त्याच्या हातात दिलं. परत आलो.

२६ नोव्हें.
गाडी दारात उभी. नवे पॅड, नव्या डिस्क. गफूरनंच आणून लावली. मी आत बसलो नाही.
किसन बाजारात दिसला. मला पाहून दुसऱ्या गल्लीत वळला. त्याला माझ्यासमोर यायची लाज वाटते. त्याला!

३० नोव्हें., रवि.
कुपी काढली. समोर टेबलावर आहे. तळाशी थोडं तेल अजून. आता उठून किसनच्या घरी जायचं, कुपी त्याच्या हातात द्यायची, मग चावडीवर येऊन सगळ्यांदेखत बोलायचं. काय बोलायचं ते पाठ केलं आहे. दोनच ओळी. तीनदा म्हणून पाहिल्या. दुसरी ओळ

कडी वाजली. खिडकीतून पाहिलं. मारुती! काखेत कुबडी, साखऱ्याहून जीपनं आलेला. मागे किसन, मान खाली.
मारुती बाहेरूनच ओरडतोय, "तात्या, दार उघडा! ह्याला धरून आणलंय. तुमची माफी मागायची म्हणतो, पण एकट्याची हिंमत होईना."
कुपी टेबलावरच आहे. खण हाताशी आहे.
पुन्हा कडी.